किती पैकी किती?

मुलांनो, आज मी तुम्हाला आमच्या गावाला घेऊन जाणार आहे. आमच्या गावाला समुद्र नाही, किल्ला नाही, थंड हवा तर अजिबात नाही. आहे तो शाळेच्या व्हरांड्यात ठेवलेला एक कॅरम बोर्ड. 'एवढ्यासाठी बीड जिल्ह्यात कोण येतंय?' असं म्हणू नका हं. आधी चला तर खरं!

बीडला यायचं कसं? पूर्वी या प्रश्नाचं उत्तर एकच होतं, एस.टी. 'आपल्या बीडला रेल्वे येणार' हे ऐकता ऐकता आमच्याकडच्या कितीतरी आजोबांचे केस पांढरे झाले. ती रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला खरोखरच आली. आता अहिल्यानगरहून बीडपर्यंत आगगाडीने येता येतं. बीड शहर बिंदुसरा नदीच्या काठी आहे. पाण्याच्या मधोमध उभं असलेलं कंकालेश्वराचं मंदिर बघा. शहराबाहेरची खजाना विहीरही बघून घ्या. सोळाव्या शतकातली ही विहीर. जमिनीखालून खणलेल्या नहरीतून तिचं पाणी खेळवलेलं आहे. पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात जुन्या माणसांनी पाण्याचा किती बारीक हिशेब केला होता, ते तिथे समजतं.

आता एस.टी.त बसू. गाडी मांजरसुंब्याचा घाट चढू लागली की समजायचं, आपण बालाघाटाच्या डोंगरावर आलो. पावसाळ्यात आलात तर जवळच कपिलधारचा धबधबा आहे. मांजरसुंब्याला चहा प्यायचा आणि केजच्या रस्त्याला लागायचं. नेकनूर मागे पडलं की थोड्या वेळाने एक फाटा येतो. तिथे उतरायचं आणि चालू लागायचं. दोन्ही बाजूंना तूर, कापूस, बाजरी. आणि बांधावर, माळावर, जिथे नजर जाईल तिथे सीताफळीची झाडं! आमच्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ठाऊक आहे ना?

पण सीताफळाची एक दुसरी गोष्टही सांगायला हवी. दसऱ्याच्या सुमाराला सीताफळं डोळे उघडू लागतात, आणि त्याच सुमाराला आमच्या गावात मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात. मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणारा माणूस. तो घराघरात आगाऊ पैसे देतो. त्याला म्हणतात उचल. नवरा-बायको मिळून जी जोडी ऊस तोडायला जाते तिला म्हणतात एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे ट्रक आणि ट्रॅक्टर येतात. त्यांत भांडीकुंडी, पाण्याचे ड्रम, शेळ्या, कोंबड्या आणि लेकरं चढतात, आणि गाव निम्मं रिकामं होतं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून अशी लाखो माणसं दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ही गोष्ट लक्षात ठेवा. कॅरमच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

बरं, आली आपली शाळा. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, अंगणात कडुनिंब. हा कॅरम बोर्ड आमच्याच शाळेत शिकून गेलेल्या एका मुलाने आणून दिला. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर त्याच्याभोवती एवढी गर्दी होते की खेळणारे दोघे दिसतच नाहीत. फक्त 'टक्' असा आवाज येतो आणि मागोमाग 'गेली गेली!' असा ओरडा.

गेल्या वर्षी पोळा होऊन गेला होता. मी वर्गात वह्या तपासत होतो आणि बाहेर भांडण जुंपलं. दोन मुलं नाण्यासाठी हातघाईवर आली होती.

"सर, ह्यो रोज पहिले फोडायलाय, म्हणून रोज जिकायलाय!"

फोडणं म्हणजे डावाचा पहिला फटका मारून मधल्या सोंगट्या उधळून लावणं. त्यालाच ब्रेक म्हणतात. मुलाचं म्हणणं असं की जो ब्रेक करतो तोच डाव जिंकतो. मग खेळायचं कशाला? नाणं उडवा आणि घरी जा!

मी विचारलं, "कशावरून म्हणतोस?"

"आज चार डाव झाले सर. चारही फोडणाऱ्यानंच जिकले."

"चारापैकी चार?"

"हो सर. इचारा कुणालाबी."

आता तुम्हीच सांगा मुलांनो, चारापैकी चार हा पुरावा झाला का? चला, नाण्यावरच करून पाहू. छापा की काटा, दोन्हींची शक्यता सारखीच असते. नाणं चार वेळा उडवलं तर किती प्रकारे पडू शकतं? दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे १६ प्रकारे. त्यांपैकी एका प्रकारात चारही वेळा छापा येतो. म्हणजे सोळा शाळांतल्या मुलांनी चार-चार वेळा नाणं उडवलं, तर त्यांतल्या एखाद्या शाळेत चारही वेळा छापा आला, तर नवल वाटायला नको. त्या शाळेतली मुलं म्हणणार, 'आमच्या नाण्यात काहीतरी जादू आहे!' जादूबिदू काही नाही, त्यांनी नाणं उडवलंच मुळी चार वेळा.

म्हणून मी मुलांना एक कोरी वही दिली. म्हटलं, "उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नको. मोजा." वहीत पाच रकाने आखले. तारीख, डाव कितवा, कोणी फोडला, पहिल्या फटक्यात सोंगटी गेली का, आणि डाव कोणी जिंकला. वहीच्या पुठ्ठ्यावर मुलांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'किती पैकी किती?'

मोजायला लागण्याआधी ब्रेकची गंमत समजून घेऊ या. बोर्डाच्या मध्यभागी एक लाल सोंगटी असते. तिला आपण राणी म्हणतो. तिच्याभोवती सहा सोंगट्या बसतात आणि त्यांच्याभोवती बारा. एक अधिक सहा अधिक बारा, एकूण १९. आता राणीभोवती सहाच का? पाच किंवा सात का नाही? घरी एक रुपयाचं नाणं ठेवा आणि त्याला चिकटून त्याच आकाराची नाणी लावत जा. बरोबर सहा बसतील. पाच लावली तर फट राहील, सातवं नाणं आत शिरणार नाही. कोणत्याही सारख्या गोलांचं असंच होतं.

मोठ्या स्पर्धांत पांढऱ्या सोंगट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या मांडतात. जो ब्रेक करतो त्याच्या पांढऱ्या नऊ, दुसऱ्याच्या काळ्या नऊ. स्ट्रायकरचं वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम, आणि एका सोंगटीचं वजन पाच ते साडेपाच ग्रॅम. म्हणजे एकटा स्ट्रायकर जवळजवळ तीन सोंगट्यांच्या वजनाचा! तो जेव्हा जोरात येऊन धडकतो तेव्हा धक्का एका सोंगटीतून चिकटलेल्या दुसऱ्या सोंगटीत, तिच्यातून तिसरीत असा पुढे जातो. फरशीवर पावडर टाकून तीन सोंगट्या एका रेषेत चिकटवून ठेवा आणि पहिलीला समोरून मारा. मधली जवळजवळ जागच्या जागी राहते, पण तिसरी सुसाट पळते. आता दुसरी आणि तिसरीमध्ये केसभर फट ठेवा आणि तिसरी किंचित तिरकी करा. ती भलतीकडेच जाईल! म्हणूनच कसलेले खेळाडू ब्रेकच्या आधी मांडणी निरखून पाहतात. एवढीशी फट सगळा डाव बदलू शकते.

आमच्या शाळेत ब्रेकची उस्ताद होती सातवीतली एक मुलगी. दोन वेण्या, अंगाने किडकिडीत, पण बोटात काय जोर! तिने स्ट्रायकर मारला की सोंगट्या अशा तडतडत चारी दिशांना जायच्या, जणू तापल्या तेलात मोहरी पडली. म्हणून मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं फोडणीवाली. तिलाही ते आवडायचं. ती हरलेली मी क्वचितच पाहिली. तिच्या हातात स्ट्रायकर आला की वही लिहिणारा मुलगा जिंकणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव आधीच लिहून मोकळा व्हायचा. त्याबद्दल मी त्याला एकदा रागावलोसुद्धा. डाव संपायच्या आधी नोंद करायची नाही, हा आमच्या वहीचा पहिला नियम होता!

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वहीची बरीच पानं भरली. आकडे काय सांगत होते? भांडणाऱ्या मुलाचंच खरं ठरत होतं! फोडणारा निम्म्याहून कितीतरी जास्त डाव जिंकत होता. "बघा सर!" म्हणून तो छाती काढून फिरू लागला.

दिवाळीनंतर शाळा उघडली. पुन्हा डाव सुरू झाले, पुन्हा वही निघाली. आणि काय आश्चर्य! आता फोडणारा जिंकायचा, पण पूर्वीसारखा नाही. कधी हा, कधी तो. बोर्ड तोच, सोंगट्या त्याच, स्ट्रायकर तोच. मग झालं तरी काय?

मुलांनी डोकी लढवली. एक म्हणाला, थंडीत बोटं आखडतात. दुसरा म्हणाला, पावडर बदलली. तिसऱ्याने बोर्डाच्या मागच्या पाचराच तपासल्या. शेवटी चौथीतलं एक लहानसं पोरगं, जे कधी खेळत नव्हतं, नुसतं बघत उभं राहायचं, ते म्हणालं,

"सर, पण फोडणीवाली कुठंय?"

सगळे गप्प झाले. फोडणीवाली आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेली होती. घरात धाकटा भाऊ दीड वर्षांचा. आई ऊस तोडणार, वडील तोडणार, मग बाळाला सांभाळणार कोण? म्हणून तिलाही ट्रॅक्टरमध्ये चढावं लागलं.

त्या संध्याकाळी आम्ही वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. तेव्हा दिसलं की दिवाळीआधीच्या पानापानावर 'कोणी फोडला' या रकान्यात तिचंच नाव होतं. असं का झालं? कारण आमच्या व्हरांड्यातला नियम होता, 'जिंकेल तो बसेल आणि पुढचा डाव तोच फोडेल.' आता नीट विचार करा हं. फोडणीवाली चांगली खेळायची म्हणून जिंकायची. जिंकायची म्हणून पुढचा डाव तीच फोडायची. तो डावही ती जिंकायची, म्हणून पुन्हा तीच फोडायची. आणि वहीत नोंद काय व्हायची? फोडणारा जिंकला, फोडणारा जिंकला, फोडणारा जिंकला! ती ब्रेकमुळे जिंकत होती की चांगली खेळत होती म्हणून, हे आमच्या वहीतून कळूच शकत नव्हतं. आकडे खोटे नव्हते. आम्ही त्यांचा अर्थ भलता लावला होता. दिसतं तसं नसतं, म्हणतात ना!

तुम्हाला वाटेल, हा आमच्या व्हरांड्यातला घोळ. पण जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंनाही हाच प्रश्न पडतो. कॅरमसारखाच एक मोठ्या टेबलावरचा खेळ आहे, पूल. हातात लांब काठी आणि टेबलावर रंगीत, नंबर घातलेले चेंडू. त्यात नऊ चेंडूंचा एक प्रकार असतो. एक ते नऊ हे चेंडू पतंगाच्या आकारात चिकटवून मांडतात आणि पांढऱ्या चेंडूने फोडतात. फोडताना एखादा चेंडू खिशात गेला तर फोडणाराच पुढे खेळतो. तिथेही 'जिंकेल तो फोडेल' असा नियम असला की एखादा खेळाडू डावामागून डाव संपवत सुटतो आणि समोरचा नुसता खुर्चीत बसून राहतो. १९९६ साली अमेरिकेतल्या डल्लास शहरात अर्ल स्ट्रिकलंड या खेळाडूने असे सलग दहा डाव फोडून संपवले आणि दहा लाख डॉलरचं बक्षीस पटकावलं.

म्हणून पूलच्या अनेक स्पर्धांत आता आळीपाळीने ब्रेक करतात. एवढंच नाही. मोजणाऱ्यांच्या असं लक्षात आलं की सोंगट्यांसारखेच ते चेंडूही अगदी घट्ट चिकटवून मांडले तर कडेचा एक चेंडू जवळजवळ ठरल्यासारखा कोपऱ्यातल्या खिशात जातो. मग ब्रेकमध्ये कौशल्य ते काय राहिलं? तेव्हा मोठ्या स्पर्धांच्या आयोजकांनी मांडणीच थोडी पुढे सरकवली. टेबलावरच्या ठिपक्यावर आधी एक नंबरचा चेंडू असायचा, तिथे आता नऊ नंबरचा येतो. झालं, कडेच्या चेंडूची वाट चुकली! पाहिलंत, नीट मोजलं म्हणून नियम बदलता आला.

कॅरमच्या शहाण्या लोकांनी तर हे आधीच ओळखलं होतं. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ १९८८ साली स्थापन झाला. स्पर्धेतला एक गेम २५ गुणांचा किंवा आठ डावांचा असतो, आणि ब्रेक आळीपाळीने करायचा असतो. आठ डाव झाले तर चार तुझे, चार माझे. नाणं कुणाच्याही बाजूने पडो, हिशेब बराचसा सारखा होतो.

वर्तमानपत्रात कॅरमच्या स्पर्धेची बातमी आली तर नीट वाचा. तिच्यात पुष्कळदा एक ओळ असते, आज इतके व्हाईट स्लॅम झाले आणि इतके ब्लॅक स्लॅम. व्हाईट स्लॅम म्हणजे काय? ज्याने ब्रेक केला त्याने पहिल्याच पाळीत, एकदाही न चुकता, नऊच्या नऊ पांढऱ्या सोंगट्या आणि राणी घेऊन डाव संपवला. समोरच्याला स्ट्रायकरला हातही लावायला मिळाला नाही! त्याच्या नऊ सोंगट्यांचे नऊ गुण आणि राणीचे तीन, असे एका डावातले जास्तीत जास्त १२ गुण. आणि ब्रेक समोरच्याने केला, पण आपण आपल्या पहिल्याच पाळीत काळ्या नऊ आणि राणी घेऊन डाव संपवला, तर तो ब्लॅक स्लॅम.

आता मी तुम्हाला विचारतो. एका स्पर्धेत दहा व्हाईट स्लॅम झाले आणि दुसरीत वीस, तर कोणत्या स्पर्धेतला खेळ चांगला? 'वीसवाला' असं पटकन म्हणू नका. पहिल्या स्पर्धेत शंभर डाव झाले असतील आणि दुसरीत हजार, तर? शंभरापैकी दहा आणि हजारापैकी वीस. सांगा आता! बातमीत 'किती' असतं. 'किती पैकी' ते मात्र आपल्यालाच विचारावं लागतं.

आणि किती मोजलं, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. पाच डावांपैकी तीन जिंकले तर ६० टक्के. पुढचा एकच डाव हरला तर सहापैकी तीन, लगेच ५० टक्के. जिंकला तर सहापैकी चार, जवळजवळ ६७ टक्के. एका डावाने आकडा केवढी उडी मारतो बघा! पण शंभरापैकी साठ जिंकले असतील तर पुढचा डाव जिंका की हरा, आकडा साठाच्याच आसपास राहतो. म्हणून चार डावांवर भांडायचं नसतं.

आम्ही मग व्हरांड्यातला नियम बदलला. आळीपाळीने ब्रेक. वहीचा नवा भाग सुरू केला. पण मुलांनी एक नवी गोष्ट केली, जी मी सांगितली नव्हती. रोज वहीच्या वरच्या कोपऱ्यात ती दोन आकडे लिहू लागली. आज खेळायला कितीजण होते, आणि खरं म्हणजे किती असायला हवे होते.

मुलांनो, आमच्या मास्तरांच्या भाषेत याला हजेरी आणि पट म्हणतात. पट म्हणजे शाळेत नाव असलेली सगळी मुलं. हजेरी म्हणजे त्यांच्यापैकी आज आलेली. मी रोज सकाळी हे दोन आकडे फळ्यावर लिहितो. इतकी वर्षं लिहितोय, पण खरं सांगू? हात लिहायचा, मी बघत नव्हतो. कॅरमच्या वहीत ते दोन आकडे मुलांच्या अक्षरात पाहिले, तेव्हा मधल्या त्या रिकाम्या जागेत मला चेहरे दिसू लागले.

सगळीच मुलं जातात असं नाही हं. आमच्या जिल्ह्यात शाळांमध्ये हंगामी वसतिगृहं चालतात. आईवडील तोडीला गेले तरी मूल गावातच राहतं, त्याच्या जेवणाची सोय होते. २०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही आणली. काही मुलं आजीजवळ राहतात. काहींना कारखान्याजवळची शाळा मिळते. पण ज्यांच्या घरात तान्हं बाळ असतं त्या घरची थोरली मुलगी बहुतेक वेळा बरोबर जातेच.

गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी ट्रॅक्टर परत आले. फोडणीवाली दुसऱ्याच दिवशी शाळेत हजर! रंग रापलेला, हाताला उसाच्या पाल्याने कापल्याच्या खुणा. मुलांनी तिला आधी बोर्डाजवळ ओढत नेलं. पाच महिन्यांनी तिने स्ट्रायकर हातात धरला, नेम धरला आणि मारला. एकही सोंगटी गेली नाही! सगळे हसले. तीही हसली. "हात बसला नाही अजून," म्हणाली.

तिच्यामागून तिची आई आली होती. म्हणाली, "गुर्जी, तुम्ही पोरीला काय शिकवलं हो? कोपीच्या मेढीला रोज कोळशानं रेघ मारायली. मी म्हनलं, ह्या पोरीला याड लागलं का काय!"

कोपी म्हणजे ऊसतोडीच्या तळावरची पाचटाची झोपडी. फोडणीवालीने दप्तरातून एक वही काढली. कोळशाच्या त्या रेघा तिने निघण्याआधी वहीत उतरवून घेतल्या होत्या. पानभर उभ्या रेघा. त्यांतल्या काही रेघांभोवती गोल केलेले.

"हे काय गं?"

"सर, एक रेघ म्हणजे एक दिवस. ज्या दिवशी पुस्तक उघडलं त्या दिवशी गोल."

मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "नुसते गोल नाही लिहिले सर. सगळे दिवस लिहिलेत. नाहीतर किती पैकी किती, ते कसं कळंल?"

टक्केवारीही तिनेच फळ्यावर काढली. उत्तर निम्म्याच्या बरंच खाली आलं. तिने ते पुसलं नाही, आम्हीही पुसलं नाही. दिवसभर ते तसंच फळ्यावर राहिलं.

जाताना मी तिच्या आईला म्हटलं, "येत्या हंगामाला हिला इथेच ठेवा. आजी आहे, वसतिगृह आहे. बाळही तोवर मोठं होईल."

आई वहीकडे बघत होती. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, पण रेघा आणि गोल तिला समजत होते. रोज तिच्या डोळ्यांसमोरच तर मारलेल्या होत्या.

"बघू गुर्जी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बघू."

आमची कॅरमची वही अजून चालू आहे. आळीपाळीने ब्रेक सुरू केल्यावर फोडणाऱ्याला खरंच फायदा होतो का, याचं उत्तर द्यायला आम्हाला अजून पुष्कळ डाव मोजायचे आहेत. घाई कशाला? पाचव्या रकान्याच्या पुढे फोडणीवालीने सहावा रकाना आखला आहे, 'मांडणी घट्ट होती का?' तिच्या स्वप्नात आता कोण असतं, माहीत आहे? चेन्नईची एम. खाझिमा! एका रिक्षाचालकाची ही मुलगी २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरमच्या विश्वचषकात तीन सुवर्णपदकं घेऊन आली. चेन्नईच्याच मारिया इरुदयम यांनी १९९१ आणि १९९५ साली जागतिक अजिंक्यपद मिळवलं होतं, आणि कॅरमसाठी पहिला अर्जुन पुरस्कार त्यांनाच मिळाला. आपल्या महाराष्ट्राचे योगेश परदेशी, प्रशांत मोरे, संदीप दिवे हेही विश्वविजेते झाले आहेत. ही सगळी नावं व्हरांड्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेली आहेत. त्यांच्या खाली थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे.

तर मुलांनो, तुमच्याही घरी, शाळेत, गल्लीत कॅरम असेल. एक वही करा. निदान शंभर डाव मोजा. आळीपाळीने ब्रेक करा. रकाने आमच्यासारखेच ठेवा म्हणजे आपल्याला एकमेकांचे आकडे ताडून पाहता येतील. आणि वरच्या कोपऱ्यात ते दोन आकडे विसरू नका. आज कितीजण होते, आणि किती असायला हवे होते. कुणी नसेल तर तो का नाही, याचीही चौकशी करा.

मग येताय ना आमच्या गावाला? सीताफळं डोळे उघडतील तेव्हा या. येताना तुमची वही बरोबर आणा. व्हरांड्यात बोर्ड मांडलेला असेल. ब्रेक कोणी करायचा, ते नाणं उडवून ठरवू. आणि त्या वेळी फोडणीवाली तुमच्यासमोर बसलेली असावी, एवढी इच्छा माझ्याबरोबर तुम्हीही करा.